आत्याच्या तीन सह्या

वॉशिंग मशीनने धुणं संपल्याची टुणटुण वाजवली, तेव्हा कुठे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या चौघांच्या लक्षात आलं की बराच वेळ कुणी काही बोललेलंच नाही.

"कुणीतरी धुणं काढा," कंपाउंडर म्हणाले.

कुणी उठलं नाही. टेबलाच्या मधोमध, बिस्किटांच्या डब्याला टेकून ते पत्र उभं होतं. पाकिटावर एकाखाली एक तीन नावं होती. पहिलं कंपाउंडरांचं, दुसरं त्यांच्या बायकोचं, तिसरं सुनेचं. पत्ता एकच असल्यामुळे वैद्यकातल्या योग्य-अयोग्याचा विचार करणाऱ्या जैवनीती परिषदेच्या चिटणिसांनी काटकसर करून तिघांना मिळून एकच पत्र पाठवलं होतं, आणि त्या काटकसरीनेच घात केला होता.

"परत वाचा," सून म्हणाली.

बाईंनी चष्मा चढवला. त्या कंपाउंडरांच्या बायको. पण तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणायची. नवराही म्हणायचा, सूनही म्हणायची.

"'यंदाच्या जीवनगौरव सन्मानासाठी आपण सुचवलेल्या उमेदवारांचं नाव समितीने एकमताने निश्चित केलं आहे. अभिनंदन.' इथपर्यंत ठीक आहे. 'मात्र आपणा तिघांकडून वेगवेगळे तीन अर्ज आले असून, मला हे नामांकन मान्य आहे या वाक्याखाली उमेदवारांच्या ज्या सह्या आहेत त्या एकाच व्यक्तीच्या वाटत नाहीत. उमेदवारांचं सारं आयुष्य संमती या विषयाच्या अभ्यासात गेलं असल्याने समितीला ही बाब विशेष खटकली. तरी उमेदवारांनी स्वतः सोमवारी अकराच्या आत फोन करावा.'"

"'स्वतः'च्या खाली रेघ आहे," लिफ्टवाला म्हणाला. हा घरातला एकुलता एक मुलगा. उंच इमारतींतल्या अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हा त्याचा धंदा, पण आज घरच्यांना बाहेर काढायची त्याला अजिबात घाई दिसत नव्हती. तो बिस्किट चहात बुडवत होता.

उमेदवार, म्हणजे कंपाउंडरांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, पलीकडच्या खोलीत दुपारची आडवी झाली होती. चारला उठायची. आता सव्वातीन झाले होते.

"म्हणजे तुम्ही दोघींनीही?" कंपाउंडरांनी बायकोकडे आणि सुनेकडे आळीपाळीने पाहिलं. "मला न सांगता?"

"तुम्ही कुणाला सांगितलंत?" बाई म्हणाल्या.

"मी भाऊ आहे तिचा!"

"भावाला सही करायची परवानगी असते असं कुठल्या पुस्तकात आहे? चारही पुस्तकं मी टाईप केलीत त्यांची. माझ्या नजरेतून तरी सुटलंय."

सुनेने हसू दाबलं, आणि लगेच तिला आठवलं की हसण्यासारखी तिची परिस्थिती नाही. तिने पत्रासोबत आलेल्या तिन्ही अर्जांच्या प्रती पुढे ओढल्या. कंपाउंडरांनी केलेली सही शाळेच्या हजेरीपटातल्यासारखी होती. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आत्याने अशी सही शेवटची केली असेल ती पन्नास वर्षांपूर्वी. बाईंची सही गोल, टपोरी, आधी 'डॉ.' लावलेली. आणि तिची स्वतःची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली घेऊन परत वर वळवलेली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती लोकांच्या भिंगांवरच्या बारीक खुणा बघायची. ती शेपटी जमायला तिला चार दुपारी लागल्या होत्या, मुलगी झोपली की तेवढाच वेळ मिळायचा.

"हिची मात्र हुबेहूब आहे," कंपाउंडर नाइलाजाने म्हणाले.

"बँकेत नोकरी करत नाही तेच बरं," लिफ्टवाला म्हणाला.

"तू गप्प बस रे," कंपाउंडर म्हणाले. "तुला काही माहीत होतं का यातलं?"

"मला सगळंच माहीत होतं." त्याने दुसरं बिस्किट उचललं. "तीनही पाकिटं मीच टाकली पोस्टात. बाबांनी सांगितलं, आईला बोलू नकोस. आईने सांगितलं, बाबांना बोलू नकोस. आणि हिने माझ्या गळ्याची शपथ घातली."

तिघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"आणि तू बोलला नाहीस?" बाईंचा आवाज चढला.

"रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडायची नाही, हे आत्यानेच शिकवलंय ना? तुम्ही तिघंही मला रोगीच वाटलात."

कंपाउंडरांनी कपाळाला हात लावला. औषधाच्या दुकानाचं शटर त्यांनी सात वर्षांपूर्वी कायमचं ओढलं, तेव्हापासून घरात त्यांच्या हाताला यश नव्हतं. सांडशी हातात घेतली तरी बाई म्हणायच्या, ठेवा ती. म्हणून हा अर्ज त्यांनी मोठ्या हौसेने भरला होता. ताईने दोन सन्मान याआधी परत धाडले होते. पहिल्या वेळी तिने कळवलं होतं, सत्कार करून घ्यावा असं माझं काही दुखत नाही. दुसऱ्या वेळी तर तिने उत्तराच्या जागी त्यांच्याच पत्रातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून पाठवली. तिसऱ्यांदा तिला विचारून काय उपयोग, असं त्यांच्या मनाने घेतलं. आणि त्यांच्या मनाने एकदा घेतलं की हात आपोआप सही करायचा. ही खोड जुनी होती. त्या खोडीची एक गोष्ट या घरात कुणी काढत नसे.

"एक उपाय आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फोनवर सही थोडीच लागते? बाई, तुम्हाला ताईची नक्कल जमते."

"मला नाही जमत."

"जमते. परवा भाजीवाल्याला नाही का म्हणालात, 'कळेल अशा भाषेत सांगा'? मी आतून ओ दिली, मला वाटलं ताईच बोलावतेय."

बाईंच्या चेहऱ्यावर, नको नको म्हणताना, थोडं तेज आलं. "सोमवारी दहाला त्या फिजिओथेरपीला जातात," त्या म्हणाल्या. "घर मोकळं असतं."

"झालं तर मग. म्हणायचं, हात थरथरतो, म्हणून सही रोज वेगळी होते."

"बाबा, ती एका झटक्यात सुईत दोरा ओवते," लिफ्टवाला म्हणाला.

"चिटणिसांना कुठे माहीत आहे?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचं काय ते ठरायचं होतं, आणि ते ठरवणं तिलाच सर्वांत अवघड होतं.

कारण तिचं गणित बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं. बाबांना फार तर ओरडा बसेल, बाईंशी आत्या आठवडाभर अबोला धरेल. पण तिचा कागद होता. दोन वर्षांपूर्वी नाश्त्याच्या वेळी, पावाला लोणी लावता लावता आत्याने जाहीर केलं होतं: "उद्या माझी शुद्ध गेली, वाचा गेली, तर माझ्या वतीने डॉक्टरांशी कुणी बोलायचं, काय करू द्यायचं आणि काय नाही म्हणायचं, याचा कागद मी केलाय. नाव हिचं घातलंय." भाऊ समोर होता, भाच्याचा घास हातात राहिला होता, आणि आत्याने लोण्याच्या सुरीने बोट दाखवलं होतं ते सुनेकडे. आठ वर्षांत या घराने तिला कामं भरपूर दिली. पण इतका मोठा विश्वास कुणी टाकला तो एकदाच. त्या दिवशी दुकानात तिने एका आजोबांना चुकून दुसऱ्याच्याच चष्म्याची काच दाखवली होती, इतकी ती हवेत होती.

आणि जिने आपली खोटी सही केली, तिच्या हाती आपला शेवटचा शब्द कोण ठेवेल?

बाईंनी फोन केला, तर आत्याला कधी कळणारच नाही. कागद होता तसा राहील.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्याच्याने होईल ना नीट?"

"अगं, न व्हायला काय झालं?" बाईंनी मान ताठ केली, हनुवटी आत ओढली आणि थेट आत्याच्या सुरात म्हणाल्या, "नमस्कार. तुमचे चिटणीस जागे आहेत का?"

लिफ्टवाल्याच्या नाकातून चहा आला.

तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं आणि त्यातून सहा वर्षांची टिटवी बाहेर आली. सतत काहीतरी विचारत राहायची म्हणून तिचं नाव टिटवी पडलं होतं. दुपारी ती आत्याआजीजवळ झोपायची. म्हणजे आत्याआजी झोपायची आणि ही जागी राहायची.

"आत्याआजी म्हणतेय," तिने एका दमात सांगितलं, "की तिचा आवाज काढायचा असेल तर आधी थोडं खोकायचं. आणि ती बाहेर आली तर चालेल का?"

*

आत्या अर्ध्या तासापासून जागी होती. भिंत पातळ होती आणि भावाची कुजबुज लहानपणापासून सगळ्या गल्लीला ऐकू जायची.

पडल्या पडल्या तिने सगळं ऐकलं, आणि आधी तिला हसू आलं. मग तिचं हसू मावळलं. एकाहत्तर वर्षांच्या आपल्या मनात एक फार पोरकट गोष्ट बसली आहे, हे तिला त्या अंधारलेल्या खोलीत पहिल्यांदा दिसलं. ते दोन सन्मान परत केले तेव्हा ती खरंच नको म्हणत होती. पण अलीकडे, गुडघे दुखायला लागल्यापासून आणि बरोबरीची माणसं एकेक करून कमी व्हायला लागल्यापासून, तिला वाटत होतं की कुणीतरी येऊन विचारावं, ताई, घेशील का गं? ती थोडे आढेवेढे घेणार होती आणि मग हो म्हणणार होती. तिघांनी सह्या ठोकल्या, पण एकानेही येऊन तेवढं विचारलं नाही.

तीस वर्षं रुग्णालयाच्या समितीत बसून, नवं औषध रोग्यांवर वापरून बघायला निघालेल्या प्रत्येक डॉक्टरला तिने तेच विचारलं होतं. त्यांना विचारलंत का? कळेल अशा भाषेत विचारलंत का? नाही म्हणायची मुभा होती का? मोठमोठे सर्जन तिला जिन्यात बघून लिफ्ट पकडायचे.

तिने केस सारखे केले आणि बाहेर आली.

"बसा, बसा. उठू नका," ती म्हणाली, कुणी उठलेलं नसताना. टेबलाच्या टोकाची खुर्ची ओढून ती बसली. "समितीची बैठक सुरू झाली. आरोपी तीन. साक्षीदार एक, आणि तो बिस्किटं खातोय."

"ताई, आम्ही तुझ्या भल्यासाठीच—"

"प्रती जरा इकडे दे." तिने तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं, जसं ती पूर्वी विद्यार्थ्यांच्या पेपरांवरून फिरवायची. "तुझी नापास. वडिलांचं नाव मी कधीच सोडलं. वहिनी, तुमच्या हाताला वळण आहे, पण 'डॉ.' मी फक्त ज्यांच्याशी भांडायचंय त्यांना लावून दाखवते. आणि ही..." तिचं बोट शेपटीवर थांबलं. "ही माझ्यापेक्षा बरी आहे."

सुनेने मान खाली घातली.

"आता काय लिहिलंय ते बघू. उमेदवार या सन्मानास का पात्र आहेत. पहिला अर्ज, कंपाउंडर. 'लहानपणी आमच्या कुत्र्याच्या पायाला टाके घालायचे होते, तेव्हा हिने डॉक्टरांना थांबवून आधी कुत्र्याला विचारलं. कुत्रा काही बोलला नाही. मग हिने त्याचं शेपूट बघितलं.'" आत्याने चष्म्यावरून भावाकडे पाहिलं. "हे तू परिषदेला पाठवलंस?"

"खरं आहे ते."

"खरंच आहे. शेपूट हलत होतं." तिने पान उलटलं. "दुसरा अर्ज."

"तो नका वाचू," बाई पटकन म्हणाल्या.

आत्याने ताबडतोब कागद खाली ठेवला. पालथा. टेबलाशी सगळ्यांना ते दिसलं. विचारलं गेलं, नाही म्हटलं गेलं, आणि गोष्ट तिथेच थांबली. आत्या अशीच होती.

बाईंनी तो पालथा कागद बोटाने आत्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "वाचा. नाही, मीच सांगते. या पोरांना कळू दे." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुझ्या वेळी मी बाळंतीण झाले, त्याच टेबलावर डॉक्टरांनी माझं पुढची मुलं न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. मला आठ दिवसांनी कळलं. कागदावर सही होती. यांची."

लिफ्टवाल्याचं बिस्किट चहात विरघळून खाली गेलं. त्याने ते काढलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, तब्येतीला धोका आहे," कंपाउंडर म्हणाले. "तुम्ही बेशुद्ध होतात. मी काय करणार होतो? तुमच्या भल्यासाठीच..."

"तेच ते. आज दुसऱ्यांदा म्हणालात."

चौतीस वर्षं जे वाक्य कंपाउंडरांना पांघरुणासारखं पुरत आलं होतं, ते आज टेबलावर सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं आणि किती तोकडं दिसत होतं.

"ताईंच्या एका पुस्तकातलं चौथं प्रकरण म्हणजे मी," बाई म्हणाल्या. "त्यांनी मला विचारलं, लिहू का? मी नाही म्हटलं. त्यांनी वही मिटली. चार वर्षांनी परत विचारलं. परत नाही. परत मिटली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही नका लिहू, मी सांगते आणि मीच टाईप करते. एवढंच लिहिलंय मी अर्जात. दोनदा वही मिटली म्हणून यांना सन्मान द्या."

कंपाउंडरांनी हात पुढे केला, बायकोच्या हातापर्यंत नेला, आणि मधेच थांबवला.

"धरू का?" ते म्हणाले.

"आता एवढ्या वर्षांनी विचारताय होय!" बाई म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही.

"तिसरा अर्ज," आत्या म्हणाली. तिचा आवाज किंचित जाड झाला होता, म्हणून तिने खरोखरच थोडं खोकून घेतलं. "'माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या तळपायात काटा गेला. तो काढायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही तिला धरून ठेवणार होतो. आत्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तिला विचारलं, काढू का? ती नाही म्हणाली. आत्या बसून राहिल्या. पाऊण तास. मग तिने स्वतः पाय पुढे केला.'"

"मला आठवतंय," टिटवी म्हणाली. "तुझे गुडघे दुखले होते."

"अजून दुखतात. तुझ्यामुळेच." आत्याने कागद ठेवला आणि सुनेकडे वळली. "हे जिने बघितलं, तिने ही शेपटी काढली. कशी काय गं?"

सुनेला उत्तर तयार करायला वेळच मिळाला नाही. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे नाही ऐकायचं नव्हतं म्हणून विचारलंच नाही. अगदी सर्जनसारखं बोललीस." आत्या उठली, कपाटापाशी गेली, आणि निळी फाईल घेऊन आली.

सुनेला ती फाईल ओळखू आली. तिने खुर्चीची कड घट्ट पकडली. नवऱ्याने टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत्याने फाईलीतून तो कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. "यावर तुझं नाव आहे. मी तेव्हा असा विचार केला होता, की या घरात माझ्या भल्यासाठी म्हणून माझ्या मनाविरुद्ध वागणार नाही असं एकच माणूस आहे. आता काय करू? खोडू?"

"ते तुम्ही ठरवायचं," सून म्हणाली. आणि मग, कुठून कोण जाणे, आठ वर्षांच्या सगळ्या 'हो हो'च्या खालून, आणखी एक वाक्य वर आलं. "पण आत्या, ते नाव घालताना तुम्ही मला कुठे विचारलं होतंत?"

आत्याचं पेन कागदापाशी थांबलं.

"तुम्ही पावाला लोणी लावत होतात," सून म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "म्हणालात, नाव हिचं घातलंय. मला इतका आनंद झाला की... पण मला भीतीही वाटली होती. रात्रभर वाटत होती. ती कुणाला सांगायची ते मला कळलं नाही, कारण मला काही विचारलंच नव्हतं."

आत्याने कागदाकडे पाहिलं. सुनेच्या नावाखाली एक रिकामी रेघ होती. मान्य आहे, असं लिहिलेली. दोन वर्षं ती रेघ तशीच होती, आणि संमतीवर चार पुस्तकं लिहिलेल्या आत्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"अगं बाई," आत्या म्हणाली. आणि ती खुर्चीत मागे रेलून इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला बाईंना आपला पदर पुढे करावा लागला. "जीवनगौरव! अहो, मला कसला जीवनगौरव देतायत! वहिनी, लिहून घ्या. चिटणिसांना मी सोमवारी स्वतः सांगणार आहे. तिन्ही सह्या खोट्या, तिन्ही घरच्या, आणि चौथी चूक माझी. एवढं ऐकूनही द्यायचा असेल तर त्यांनी मला विचारावं. मग मी बघेन."

"घेशील का गं ताई?" कंपाउंडरांनी विचारलं.

आत्याने बाईंचा पदर सोडला. मग नाक मुरडत म्हणाली, "जरा आग्रह कर की."

लिफ्टवाल्याने टेबलावर हात आपटला आणि रिकामे कप उचलून तो आत गेला. बाई हसत धुणं काढायला उठल्या. कंपाउंडर त्यांच्या मागे गेले, बादली धरायला.

टेबलाशी दोघीच राहिल्या, आणि मधे खुर्चीवर गुडघे टेकून टिटवी. आत्याने पेन सुनेसमोर ठेवलं. ढकललं नाही, नुसतं ठेवलं.

"आता विचारते. मला बोलता येईनासं झालं, तर माझ्या वतीने तू बोलशील का? कळेल अशा भाषेत सांगायचं, तर कधीतरी कुणी तुला विचारेल, यंत्रं लावायची की थांबायचं, आणि तुला एकटीला उत्तर द्यावं लागेल. नाही म्हटलंस तरी उद्याचा चहा मी तुझ्याच हातचा पिणार आहे."

सुनेने पेन उचललं. बाहेर दोरीवर चादर झटकल्याचा आवाज आला. तिने त्या रिकाम्या रेघेवर टोक टेकवलं, आणि तिला उमगलं की इतकी सुंदर शेपटी काढणारी आपण, आपली स्वतःची सही कशी करतो तेच क्षणभर विसरलो आहोत.

टिटवीने तिच्या कोपरावर हनुवटी ठेवली.

"आई, पण आत्याआजीला बोलताच येत नसेल, आणि तिला शेपूटपण नाहीये, तर तिला काय हवंय ते तुला कसं कळणार?"